न रडणाऱ्याला चांदणी

लहान मुलाच्या हातात शीर शोधणं हे माझं काम. एकतीस वर्षं तेच केलं. आता निवृत्त होऊन देवळीला घरी आहे, तरी बसस्टँडवर कोणाच्या कडेवर गुबगुबीत बाळ दिसलं की माझी नजर आधी त्याच्या मनगटाकडे जाते आणि मनात येतं, याला सलाईन लावायची वेळ आली तर नर्सबाईला घाम फुटणार. बाकीचे लोक बाळाचे गाल बघतात. ज्याची त्याची सवय.

जिल्ह्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात मुलांच्या वॉर्डात मी परिचारिका होते, शेवटची काही वर्षं वॉर्डाची इन्चार्ज. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जी चूक सांगणार आहे ती दवाखान्याची नाही, माझी आहे.

ज्यांना या कामाची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मोठ्या माणसाची शीर डोळ्यांना दिसते, लहान मुलाची बोटांना कळते. दंडाला रबर बांधायचा, चिमुकला हात आपल्या तळहातावर घ्यायचा आणि बोटाचं टोक हळूहळू फिरवत राहायचं. कातडीखाली कुठेतरी दाबलं की परत वर येणारं काहीतरी लागतं. तीच शीर. नव्या मुली घाई करतात, अंदाजाने टोचतात. मग पोर रडतं, आई रडते, आणि शेवटी कोणीतरी मला बोलवायला येतं. मी गेले की बहुतेक एका टोचण्यात काम होई. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. म्हणजे, थोडा मोठेपणा म्हणून सांगतेही.

पोरांच्या मनगटात दोरे असत. गंडे, ताईत, काळे मणी, कोणाच्या घरच्या देवाचा अंगारा पुडीत बांधलेला. माझ्याआधीच्या एक सिस्टर ते सरळ कात्रीने कापत. मी कापत नसे. सोडून पायात बांधायची. हातातला देव पायात गेला म्हणून एकतीस वर्षांत कोणाचा देव रागावल्याचं ऐकलं नाही.

तर हे शीर शोधणं दोन-तीन मिनिटं चालतं. तेवढा वेळ माझे हात गुंतलेले, पोराचा हात अडकलेला, तोंड मात्र मोकळं. पोर आधी रडतं. रडून सुटका नाही हे कळलं की प्रश्न विचारायला लागतं. आणि दवाखान्यातल्या पोरांचे प्रश्न फिरून फिरून देवापाशी जातात, कारण घरून निघताना प्रत्येकाने त्यांना सांगितलेलं असतं की देव सगळं बरं करेल.

वडनेरच्या एका सहा वर्षांच्या पोराने मला विचारलं होतं, "सिस्टरबाई, गणपतीले हत्तीचं डोस्कं लावलं तवा त्याले सलाईन लावलं होतं का?"

"लावलं होतं," मी म्हटलं.

"मंग रडला का तो?"

"रडला नाई. पन हलला. म्हनून त सोंड वाकडी झाली."

त्यानंतर तो पोरगा असा काही स्तब्ध बसला की त्याच्या आईला भीती वाटली.

अशी उत्तरं माझ्याकडे तयार असायची. मला त्याचा अभिमान होता. वॉर्डातल्या बाकीच्या सिस्टर म्हणत, देवाच्या खात्याचे प्रश्न आपल्या इन्चार्जबाईंकडे पाठवा. शिवाय मी एक पद्धत पाडली होती. सुई बसली की ती हलू नये म्हणून वरून पांढरी चिकटपट्टी लावतात. जे पोर रडलं नाही, त्याच्या चिकटपट्टीवर मी निळ्या बॉलपेनने चांदणी काढून द्यायची. पाच टोकांची, एका रेघेत. त्या चांदणीसाठी पोरं दात-ओठ खाऊन गप्प राहत. इतर वॉर्डांतून बायका बघायला येत की मुलांच्या वॉर्डात एवढी शांतता कशी काय. मीही मान ताठ करून फिरे.

प्रांजू आमच्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा आठ वर्षांची होती. रोहण्याच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला तिचं गाव. गोंडांचं घर. आई-बाप मजुरीला जात, म्हणून तिला आजोबा घेऊन आले होते. उंच, वाळलेला, धोतर आणि पांढरी बंडी घातलेला माणूस. गावाच्या देवाची पूजा त्यांच्याकडे होती. नातीशी गोंडीत बोलायचे, आमच्याशी वऱ्हाडीत. प्रांजूला सिकलसेल होता. आपल्या भागात हा शब्द आता घराघरांत माहीत आहे, तरी सांगते. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात, या आजारात त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नसांमध्ये अडकतात. जिथे अडकतात तिथे हाड फुटल्यासारखं दुखतं. आईकडून थोडा, बापाकडून थोडा असा हा आजार येतो. दोघांनाही बहुधा पत्ता नसतो.

डॉक्टर मॅडमनी हे आजोबांना समजावलं होतं आणि पोरीने ते ऐकलं होतं. मी तिचा हात घेतला, रबर बांधला, तशी ती म्हणाली, "सिस्टरबाई, माह्या रक्तात इळे कोनं टाकले?"

"कोनंच नाई टाकले. जन्मापासून हायेत."

"जन्म कोन देते?"

"देव देते."

"म्हंजे देवानंच टाकले." मग ती म्हणाली, "काऊन? म्या काय केलं त्याचं?"

माझं बोट तेवढ्यात शिरेवर आलं होतं. अशा वेळी पोर हललं की सगळं गेलं. मी घाईने माझ्या साठ्यातलं सगळ्यात चांगलं उत्तर काढलं. "अवं, देव शूर पोरायचीच परीक्षा घेते. जे पास होतात ते त्याचे लाडके."

ती हलली नाही. डोळे मोठे करून माझ्याकडे बघत राहिली. सुई गेली. तोंडातून एक आवाज नाही. मी चिकटपट्टी लावली, वर चांदणी काढली, आणि मला वाटलं, एका सुईत दोन कामं झाली. रक्तात औषध गेलं, मनात धीर गेला.

त्यानंतर दोन वर्षांत प्रांजू पाच-सहा वेळा दाखल झाली. दर वेळी पाय, पाठ, हातांची बोटं दुखत. दर वेळी न रडता चांदणी घेऊन घरी जाई. सुई काढली की चिकटपट्टी फेकू देत नसे, चांदणीचा तुकडा कापून मागायची आणि शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर चिकटवायची. मी इतर पोरांना तिच्या खाटेपाशी नेऊन सांगायची, "पाहा, प्रांजू कशी! रडते का?" ती गालात हसायची. आता ते हसणं आठवलं की माझा मला राग येतो.

आमच्याकडे दुखणं मोजायला चेहऱ्यांचा तक्ता असतो. सहा चेहरे. पहिला हसरा, शेवटचा ढसाढसा रडणारा. पोराने बोट ठेवायचं, आपण कागदावर लिहायचं. प्रांजू नेहमी दुसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवायची. मी लिहायची, दुखणं कमी.

ती दहा वर्षांची असतानाची गोष्ट. दाखल होऊन दोन दिवस झाले होते. सकाळी मी फेरी मारत होते तेव्हा आजोबा म्हणाले, "बाई, पोरगी कालपासून डाव्या कुशीवर झोपून नाई राह्यली."

मी तक्ता पुढे केला. प्रांजूने दुसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

"पाहा बाबाजी, तीच सांगून राह्यली न कमी हाय म्हनून," मी म्हटलं आणि पुढच्या खाटेकडे गेले. एवढा अनुभव असलेली बाई मी. म्हाताऱ्याने दोन डोळ्यांनी पाहिलेलं सोडून मी कागदावरच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवला. तापही नव्हता, कारण दुखण्याच्या औषधाने तो दबला होता, आणि हेही मला माहीत असायला हवं होतं.

दहाच्या सुमाराला वॉर्डातल्या मावशी चादर बदलायला गेल्या आणि त्यांनी मला हाक मारली. प्रांजूच्या उशाकडचं चादरीचं टोक ओलं झालं होतं. चावून चावून त्याला भोकं पडली होती. मी तिचा झगा वर केला. श्वासागणिक बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जात होती. ओठ जांभळट. विळे आता छातीत अडकले होते. सिकलसेलची पोरं जातात ती बहुतेक यातच.

पुढचं सगळं आम्ही धावत केलं. ऑक्सिजन, डॉक्टर मॅडम, छातीचा एक्स-रे, रक्त मागवणं. रक्त चढवायला दुसरी शीर हवी होती, ती मी शोधली. तोंडावर मास्क लावताना मी तिला विचारलं, "बेटा, इतकं दुखून राह्यलं त सांगतलं काऊन नाई?"

मास्कच्या आतून ती म्हणाली, "परीक्षा हाय न. मी नापास झाली असती."

मी मास्कचा पट्टा तिच्या डोक्यामागे ओढून बसवला.

तीन दिवस तिचं काही खरं नव्हतं. माझी ड्यूटी संपायची, मी घरी जायची आणि रात्री पुन्हा वॉर्डात फोन लावायची. तिसऱ्या दिवशी दुपारी मॅडमनी ऑक्सिजन कमी केला आणि म्हणाल्या, निभावलं. मी बाहेर आले तर व्हरांड्यात आजोबा बसले होते. मला बघून उठले. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. ते हळू आवाजात बोलले.

"बाई, पोरीनं मले समदं सांगतलं. तुमी शिकल्यासवरल्या. मी अडानी. पन आमच्या देवाले मी चाळीस वर्सापासून पुजून राह्यलो. त्यानं आजवर कोनाची परीक्षा नाई घेतली. त्याची शाळाच नाई. मंग तुमी तिले हा कोनता देव सांगतला?"

"चुकलं बाबाजी," मी म्हणाले.

"मले सांगून का फायदा? तिले सांगा."

हे मला कठीण गेलं. पोरांची माफी मागायची आपल्याला सवय नसते. शिवाय भीती होती. या पोरीने दोन वर्षं ज्याच्या आधारावर कळा सोसल्या तेच काढून घ्यायचं, आणि बदल्यात द्यायला हातात काही नाही. समजा तिने पुन्हा माझ्यावर भरवसा ठेवलाच नाही तर? पुढच्या वेळीही ती त्याच दुसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवेल आणि त्या वेळी कोणी चादर बदलायला जाणार नाही, हे मला दिसत होतं.

दोन दिवसांनी तिची जुनी सुई काढून नवी लावायची होती. आजोबा पायथ्याशी बसले होते. मी तिचा हात घेतला, पण रबर बांधला नाही.

"प्रांजू, म्या तुले खोटं सांगतलं होतं. परीक्षा-बिरीक्षा काई नाई. देव कोनाले दुखनं देऊन पास-नापास करत नाई. तू हलू नये म्हनून म्या बोलून देल्लं."

ती म्हणाली, "म्हंजे मी रडली नाई ते उगीच?"

"हो बेटा."

"इतक्या खेपा?"

"हो."

आणि ती रडली. हळूच नाही. दोन वर्षांचं जमा झालेलं सगळं एकदम बाहेर आलं. गळा फाडून, पाय आपटून, माझ्या हातावर मुठी मारून. अख्खा वॉर्ड बघत होता. पलीकडच्या खाटेवरचं तान्हं तिला बघून रडायला लागलं. कोणीतरी म्हणालं, सिस्टर, तिला गप्प करा. मी म्हटलं, कोणी काही बोलू नका. माझ्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला माझे हात मोकळे नव्हते.

दमल्यावर तिने नाक पुसलं आणि विचारलं, "मंग देवानं इळे काऊन टाकले?"

"मले नाई माहीत."

"डाक्टर मॅडमले?"

"इळे कसे होतात ते त्यायले माहीत हाय. तुलेच काऊन झाले ते त्यायलेबी नाई."

तिने आजोबांकडे बघितलं. चाळीस वर्षं देव पुजणाऱ्या त्या माणसाने मान हलवली. "मलेबी नाई बेटा."

"मंग तुमी समदे मोठे कायचे?" ती चिडून म्हणाली. "तुमाले येते तरी काय?"

आता मला हसू आलं. रडता रडताच आलं. "मले शीर शोधता येते," मी म्हटलं. "मस्त येते. इचार कोनालेबी."

तिने थोडा विचार केला आणि हात पुढे केला. "मंग शोधा."

मी शोधली. सुई जाताना ती बोंबलली, "दुखलं!" मी चिकटपट्टी लावली आणि पेन काढून चांदणी काढायला लागले.

"मी त रडली," ती म्हणाली.

"तू सांगतलं न दुखलं म्हनून. आता चांदनी त्याची."

तेव्हापासून आमच्या वॉर्डाचा नियम उलटा झाला. गप्प राहणाऱ्याला काही नाही, कुठे आणि किती दुखतं ते सांगणाऱ्याला चांदणी. वॉर्डातली शांतता गेली. इतर वॉर्डांतल्या बायका आता तक्रार करायला येऊ लागल्या. मी म्हणायची, ओरडणाऱ्या पोराची मला काळजी नाही, ते आहे कसं ते मला लांबूनही कळतं.

देवाचे प्रश्न पोरं विचारतच राहिली. मी उत्तरं देणं बंद केलं नाही, पण आधी प्रश्न नीट ऐकायला लागले. उकळत्या तेलाने हात भाजलेली एक पोरगी मलमपट्टी करून घेताना विचारत होती, "देवाले समदं दिसते का?" पूर्वीची मी असते तर देवाच्या डोळ्यांवर व्याख्यान दिलं असतं. मी विचारलं, "त्याले काय दिसलं असंन असं वाटते तुले?" तेव्हा कळलं, भाजायच्या थोडं आधी तिने धाकट्या भावाला चापट मारली होती. तिला वाटत होतं, ते बघून देवाने कढई पाडली. तिला मी ठासून सांगितलं की कढई पडली ती चूल वाकडी होती म्हणून, चापटीचा आणि कढईचा काही संबंध नाही. ज्याचं उत्तर मला पक्कं माहीत असे ते मी असं पक्कं द्यायची. हात, चूल, ताप, जंतू, विळे, सगळं. जिथे माहीत नसे तिथे माहीत नाही म्हणायची. पोरांना त्याचं काही वाटत नाही. मोठ्यांनाच वाटतं.

एकदा एका मुलाचा मामा भेटायला आला आणि खाटेपाशी उभा राहून म्हणाला की हे मागच्या जन्मीचं भोगून राह्यला पोट्टा. मी त्याचा दंड धरून त्याला वॉर्डाबाहेर नेलं. आणलेली केळी मात्र ठेवून घेतली. त्याने माझी तक्रार केली. मला समज देण्यात आली. ती समज मी आनंदाने घेतली.

प्रांजू येत राहिली. गोळ्या नियमित सुरू झाल्यावर खेपा कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत. आली की वॉर्डाच्या दारातूनच हाक मारायची, "सिस्टरबाई, उत्तर सापडलं का?"

"नाई अजून."

"मंग शीर शोधा."

आमचं हे ठरून गेलं होतं. तिच्या हातांच्या शिरा मात्र वर्षानुवर्षं टोचून टोचून कडक झाल्या होत्या, नवी जागा मिळणं कठीण होत चाललं होतं. माझंही वय झालं होतं. जवळचं चष्म्याशिवाय दिसत नव्हतं, आणि बोटांना पूर्वीसारखं कळत नव्हतं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

निवृत्तीला एक आठवडा राहिला असताना ती आली. सोळा वर्षांची, आर्वीच्या शाळेत अकरावीला. आजोबा आता थकले होते, म्हणून एकटीच बसने आली होती. मी सगळ्यांना बाजूला केलं, रबर बांधला, बराच वेळ बोट फिरवलं. इथे आहे असं वाटलं. टोचलं. नव्हती.

तिचा हात हातात घेऊन मी दुसऱ्यांदा चुकले होते, पहिल्यांदा त्या परीक्षेच्या उत्तरात.

"दुखलं," ती मोठ्याने म्हणाली.

"चुकलं माझं."

"उत्तर सापडलं का?"

"नाई."

"आन् शीर?"

"तेबी नाई आज."

नवी सिस्टर पुढे झाली. मी उठायला लागले. प्रांजूने मला थांबवलं, टोचलेल्या जागी कापसाचा बोळा स्वतःच दाबून धरला आणि बाही वर सारून दुसरा हात माझ्या तळहातावर ठेवला.

"ह्या हातात पाहा," ती म्हणाली. "मी कुठी जाऊन राह्यली?"